एका घरात दोन कार्डं

"मुलगा बावीस वर्षांचा आहे आणि कार्ड तुमचं आहे. तुमच्या कार्डावर त्याला औषध मिळणार नाही."

हे मी दगडूभाऊंना सांगत होतो तेव्हा त्यांचा मुलगा अशोक शेजारच्या बाकावर बसून रुमालात खोकत होता. आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याची छाती तपासली होती. त्यांना क्षयाचा संशय होता. पण कार्ड चालत नाही म्हणून त्यांनी बापलेकांना माझ्याकडे पाठवलं होतं. कामगारांची सरकारी विमा योजना नगरला नवीनच होती आणि मी तिच्या लोकल ऑफिसचा मॅनेजर होतो.

योजना साधी होती. कामगाराच्या पगारातून थोडी कपात व्हायची, मालक आपला वाटा घालायचा, आणि तेवढ्या रकमेची तिकिटं कामगाराच्या कार्डावर चिकटवायची. त्या बदल्यात दवाखाना, औषधं, आणि आजारपण लांबलं तर भत्ता. बायको आणि लहान मुलं त्याच कार्डावर यायची. मोठी, कमावती मुलं यायची नाहीत.

"हा काय करतो?" मी विचारलं.

"माझ्याच संगं फाउंड्रीत हाय की."

"मग याचं स्वतःचं कार्ड कुठाय?"

दगडूभाऊंनी माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं पाहिलं. "एका घराला कार्डं किती असत्यात, सायेब? रेशनचं एक, तसं ह्ये एक."

मी त्यांना परत पाठवलं. नियमाने दुसरं काही करता येत नव्हतं. पण घरी जेवायला बसलो तेव्हा माझ्या मुलांकडे लक्ष गेलं. त्यांना साधा ताप आला तरी औषधाचं बिल सरकार भरत होतं. आणि जो तरुण आमच्याच योजनेतल्या कारखान्यात राबत होता, त्याला मी 'बसत नाही' म्हणून वाटेला लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फाउंड्रीत गेलो. तिथे पंपाचे लोखंडी भाग ओतायचे. वडीलधारी माणसं वाळूचे साचे बांधत, आणि ओतकाम थंड झालं की त्याला चिकटलेली वाळू तरुण पोरं छिन्नीने ठोकून काढत. सगळी धूळ त्यांच्या नाकातोंडात जाई. त्या वर्षीच्या दुष्काळात सोनईकडची बरीच पोरं इथे बापाकडे नाहीतर चुलत्या-मामाकडे येऊन कामाला लागली होती. मस्टरवर यांतलं एकही नाव नव्हतं.

मालक अण्णा स्वतः एकेकाळी साचे बांधणारे मोल्डर होते. त्यांनी काही लपवलं नाही. शनिवारी अख्ख्या घराचा पगार घरातल्या कर्त्याच्या हातात द्यायचा, ही तिथली जुनी रीत होती. मस्टरवर नाव त्याचंच, सहीही त्याचीच.

"लगीन हुईस्तवर मी बी माझा पगार डोळ्यानं बघितला नव्हता," अण्णा म्हणाले. "पोरं आज हायत, उद्या न्हाईत. त्यांचा विमा कशाला?"

मी आमच्या पुण्याच्या साहेबांना ट्रंक कॉल लावला. ते म्हणाले, "नोटीस काढा. नाही ऐकलं तर खटला भरा."

"साहेब, नोटीस निघाली की तो आधी पोरांना काढून टाकेल. त्यात आजारी मुलगा पहिला जाईल."

मग साहेब म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत तुमच्या पद्धतीने बघा. नंतर माझ्या पद्धतीने."

मी अण्णांना गळ घातली. त्यांनी हसत अट घातली, "पोरांनी सोताहून मागू द्या, मी घालतो समद्यांना मस्टरवर. पर ती मागायची न्हाईत."

त्यांचं खरंच होतं. जेवणाच्या सुट्टीत मी पोरांना गोळा करून योजना समजावली. दवाखाना सांगितला, भट्टीवरचे अपघात सांगितले. अशोककडे बोट दाखवावंसं वाटलं, पण धीर झाला नाही. तो खाली मान घालून भाकरी खात होता. पैलवान म्हणून ओळखला जाणारा एक उघडाबंब गडी उठून म्हणाला, "म्हाताऱ्यांना पाजा की औषधं. आमाला काय धाड भरलीय? आमची कपात कशापायी?" सगळे हसले. मी हरलो होतो.

निघता निघता कर्तव्य म्हणून उरलेला नियम सांगून टाकला. ज्याचं कार्ड, त्याचं नाव मस्टरवर आलं पाहिजे, आणि पगार त्याच्याच सहीने त्याच्याच हातात पडला पाहिजे.

हसणं थांबलं. पैलवानाने अंगात शर्ट घातला.

"म्हंजी बापाला न्हाई?"

"नाही. तुला."

"मग लिवा माझं नाव."

माझ्या भाषणातलं एक अक्षरही त्यांना पटलं नव्हतं, हे मी कबूल करतो. पण सगळ्यांनी नावं दिली, आणि अण्णांनी शब्द पाळून ती मस्टरवर चढवली.

आता वडीलधारी मंडळी बिथरली. सरकार आमची घरं फोडतंय, असं त्यांनी अण्णांना सुनावलं. शनिवारी पगार रीतीप्रमाणे आमच्याच हातात द्या, नाहीतर साचे तुमचे तुम्ही बांधा. नको ते बोलून मी बापलेकांत भांडण लावलं, असं वाटून मला फार ओशाळल्यासारखं झालं. शनिवारी मी फाउंड्रीत गेलो तो मुख्यतः अण्णांची माफी मागायला.

पगारवाटप सुरू झालं. सगळ्यांत जुने मोल्डर म्हणून दगडूभाऊंना पहिलं बोलावलं. अण्णांनी नेहमीप्रमाणे बापलेकांचे पैसे एकत्र पुढे सरकवले. दगडूभाऊंनी त्यातले आपले उचलले. बाकीचे तसेच टेबलावर ठेवले.

"ह्याचं ह्याला द्या," ते म्हणाले.

अशोक जागचा हलेना. बापाकडे बघत राहिला.

"घे की. सही कर. आन् सोमवारी दवाखान्यात जा."

त्याने सही केली. मागे रांगेत एक म्हातारा पुटपुटला, "दगडू, पोरगं हातचं गेलं तुझं." दगडूभाऊ वळून म्हणाले, "हातचं जाऊ दे. जित्तं ऱ्हाऊ दे." एकेकाचं नाव पुकारलं गेलं आणि ज्याचा पगार त्याने घेतला.

अशोकला क्षयच निघाला, पण वेळेत कळला. इंजेक्शनं आणि गोळ्या बरेच महिने चालल्या. कार्ड निघताच औषध मिळालं. भत्त्यासाठी आधीचे हप्ते लागत. अण्णांनी कुरकुरत मागचा वाटाही भरला, म्हणून तोही मिळाला. बरा होऊन परत आल्यावर अशोकला त्यांनी धुळीतून काढून साच्यांच्या कामावर घेतलं. इतर कारखान्यांतही हीच रीत होती. तिथे मी भाषण केलंच नाही, आधी पगाराचं बोललो. सगळीकडे जमलं नाही, पण पुष्कळ ठिकाणी जमलं.

पुढे एकदा दगडूभाऊ ऑफिसात आले. अशोकचं लग्न झालं होतं.

"सुनंचं नाव माझ्या कार्डावर घाला."

"सून अशोकच्या कार्डावर येणार, भाऊ."

"म्हंजी माझ्या घरात दोन घरं केली तुमी."

"दोन कार्डं केली."

त्यांनी आपलं कार्ड खिशात ठेवलं. मग म्हणाले, "धाकटं बी येतंय पुढच्या महिन्यात फाउंड्रीत. त्याचं कधी काढायचं?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत मला एवढंच समजलं: धडधाकट तरुणाला आजाराची भीती घालून विमा घ्यायला लावता येत नाही. त्याचा पगार त्याच्या हातात पडू द्यावा. विमा त्याच्या मागून येतो.