हसऱ्या चेहऱ्यावरचे बोट

नांदेडच्या मानसोपचार विभागात डॉक्टरांच्या आधी एक सिस्टर भेटतात. मुखेडहून मी दरमहा तिथे जात असूनही त्यांचे नाव विचारण्याचे धैर्य मला झालेले नाही. "कसं वाटतंय?" असे त्या कुणालाच विचारत नाहीत. हसऱ्यापासून रडक्यापर्यंत पाच चेहरे काढलेला, लॅमिनेशन केलेला कागद पुढे सरकवून "ठेवा बोट" एवढेच म्हणतात आणि आपण संकोचू नये म्हणून खिडकीबाहेर पाहत राहतात. त्या कागदावरचा हसरा चेहरा सर्वांत अधिक झिजलेला आहे.

वर्षभर माझे बोट न चुकता शेवटच्या, रडक्या चेहऱ्यावर जात असे. परवा मात्र ते हसऱ्यावर जाऊन थांबले.

मान वळवून त्यांनी विचारले, "सर, असं हाय, का असं पायजे?"

मी ओशाळलो. "पाहिजे," असे पुटपुटून बोट नेहमीच्या जागी नेऊ लागलो.

त्यांनी माझा हात तिथेच धरला. "ऱ्हाऊ द्या की! वर्षभर तुमाला कायबी नको होतं. पायजे म्हनलेलं आजच ऐकून राहिले मी."

फॉर्मवर खूण त्यांनी रडक्या चेहऱ्यावरच केली. शेजारी मात्र सावकाश, ठळक अक्षरांत लिहिले, 'पाहिजे'.