उन्हात वाळवलेला डोंगा

मी एक नंबरची आगाऊ. हे आधी माझी माय म्हणायची, आता नवरा म्हणतो. त्या दसऱ्याला मी ते सिद्धच करून दाखवलं.

आम्ही धिवर, मासे धरणारे. आंबागडच्या डोंगराखाली आमचं गाव, गावाला तलाव, आणि तलावात बाबांचा डोंगा. एकाच खोडातून कोरलेली होडी, आजोबांच्या काळची. एवढं जाड खोड आता जंगलात दिसत नाही, आणि दिसलं तरी कोणी तोडू देत नाही. पावसाळ्यात मासे अंड्यावर असतात म्हणून मासेमारी बंद. तेवढे चार महिने बाबा डोंग्यात दगड भरून तो काठाजवळच्या पाण्यात बुडवून ठेवायचे. मग दिवाळीच्या पाडव्याला गावातले सगळे डोंगे एकत्र तलावात उतरायचे. त्याआधी आपापला डोंगा काढायचा, खरवडायचा, डांबर लावायचं.

त्या वर्षी नेमकं नवरात्रात बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभर धूळ नको, पाणी नको. म्हणून त्यांना शहापूरला माझ्या घरी आणलं. काळा चष्मा लावून खाटेवर बसले की एकच विषय. "पाडव्याले मी माह्या डोंग्यात बसतोच. दुसऱ्याच्या डोंग्यात पाय ठेवला नाही या जन्मात." माय गेल्यापासून त्या डोंग्याशिवाय त्यांना दुसरं होतं तरी काय?

तेव्हा माझ्या डोक्यात किडा वळवळला. आपणच गुपचूप डोंगा तयार करून ठेवू, बाबा चाटच पडतील! मैत्रिणीकडे जाते असं सांगून मी गाव गाठलं. एसटीत बसल्या बसल्या मोबाइलवर दोन व्हिडिओ पाहिले. लाकूड ठणठणीत वाळल्याशिवाय रंग धरत नाही, असं त्यात एक जण सांगत होता. झालं, मी अर्ध्या हळकुंडाने पिवळी!

दसऱ्याच्या गडबडीत तलावावर धिवरांपैकी कोणी नव्हतं. धानाच्या बांधीतले दोन गडी धरले, डोंग्यातले दगड काढले, डोंगा ओढून काठावर पालथा घातला. भर उन्हात. पाऊस सरल्यावरचं आमच्याकडचं ऊन, डोकं नुसतं भणभणतं. एक गडी बिचारा म्हणाला, "ताई, झाडाखाली ठेवाचा का?"

"सावलीत का लाकूड वाळते का रे?" मी त्याला गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या काकूकडे चहा घेत होते, तेवढ्यात कडाड! कुठली तरी फांदी मोडली असं वाटलं. तलावावर गेले आणि जागच्या जागी थिजले. डोंग्याच्या बुडाला चीर पडली होती. बोट जाईल एवढी रुंद, या टोकापासून त्या टोकापर्यंत. डोळ्यांवर विश्वासच बसेना. काल तर धड होता! हात लावला तर लाकूड तव्यासारखं तापलेलं. तिथेच मातीत बसले.

आवाज ऐकून बाबांच्या बरोबरीचे एक काका धावत आले. "उन्हात कोनं ठेवला हा?"

"मी."

"अवो बाई! चार महिने पानी पेलेलं लाकूड हाय थे. सावलीत ठेवा लागते, वरून ओली पोती टाका लागते, जरा जरा वाळू द्या लागते. धिवराची पोरगी ना तू? तुले एवढं माहीत नाही?"

"डांबरानं बुजन का काका?"

"भोक असतं तं बुजलं असतं. हे तं बूडच फाटलं."

परतीच्या एसटीत काय बोलायचं ते मनात दहादा घोकलं. घरी बाबा समोर दिसले आणि मी सगळं विसरले. "बाबा, मी तुमचा डोंगा फोडला," एवढंच तोंडातून निघालं.

मग पहिल्यापासून सांगितलं. बाबांच्या शिव्या तलावाच्या त्या काठाला ऐकू जायच्या, म्हणून मी मान खाली घालून वाट पाहत राहिले. शिव्या आल्याच नाहीत.

"तुले मी सांगितलंच नाही कधी," ते म्हणाले. "लहानपनी डोंग्याजवळ आली का हाकलून देत होतो. म्हटलं, हे शिकली तं इथंच राहील, अभ्यास नाही करन. माह्यीच चूक हाय, बाई."

मी हबकलेच. अहो, दोन थोबाडीत द्या ना! चूक मी केली, तुम्ही कसली कबूल करता? मी रडले, त्यांच्याशी भांडलेसुद्धा. पत्र्याचा नवा आणू म्हटलं. "पाहू," एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

पाडव्याला त्यांच्यासोबत मी गावी गेले. डोंग्यांना हळद-कुंकू लागलं, नारळ फुटले, एकेक डोंगा पाण्यात गेला. बाबा खांद्यावर जाळं घेऊन काठाला उभे. शेवटचा डोंगा त्या काकांच्या मुलाचा होता. बाप्या माणूस, दोन लेकरांचा बाप. त्याला डोंगा हाकायला बाबांनीच शिकवलं होतं.

बाबा गुडघाभर पाण्यात शिरले आणि मी कधीच ऐकला नव्हता अशा बारीक आवाजात त्याला म्हणाले, "मले बसू देतं का रे, बाबू?"