दिव्याचे नऊ लेख, मयुरीचे सात

दिव्या बोरकुटे नागभीडजवळच्या एका धानाच्या गावातली. पाचवी ते सातवी माझ्या वर्गात होती. गणिताचं उत्तर आलं तरी ती लगेच हात वर करत नसे. उत्तरापासून उलटं वर जाऊन ते तपासून बघे, आणि तेवढ्यात दुसऱ्याच कुणीतरी ते सांगून टाकलेलं असे. त्याचं तिला वाईट वाटत नसे. आपलं बरोबर होतं, एवढं तिला पुरे व्हायचं.

पुढे नागपूरला शिकून ती डॉक्टर झाली. औषध देणारी नव्हे, संशोधन करणारी. हा फरक मला गावात कितीतरी जणांना समजावून सांगावा लागला. तिचा विषय सिकलसेल. आमच्याकडे या आजाराचं नाव कुणाला नवं नाही. गडचिरोलीकडच्या जंगलातल्या गावांत उन्हाळ्यात रक्ततपासणीची शिबिरं व्हायची, त्यांत ती जाई. जीपमध्ये तापलेलं तपासणीचं रसायन कधीकधी आजारी रक्तालाही चांगलं ठरवतं, असं तिच्या लक्षात आलं. त्यावर तिनं लेख लिहिला. मग ओडिशातल्या, आफ्रिकेतल्या लोकांनी आपापल्या लेखांत त्या लेखाचा आधार घेतला. असा कुणी आधार घेतला की त्याला सायटेशन म्हणतात. संशोधकाची पत त्यावर ठरते. किती लेख लिहिले, आणि लिहिलेले किती जणांना कामी आले, दोन्ही मोजतात. हे तिनंच मला सांगितलं. दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा मला कळलं नव्हतं.

लग्न झालं ते कोरपन्याच्या पिंपळशेंड्यांकडे. घरची कापसाची शेती, नवरा प्रफुल कॉलेजात शिकवणारा. त्यांच्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं सुनेचं नवं नाव लिहितात. सासूबाईंनी, शकुबाईंनी, 'मयुरी' हे नाव आधीच ठरवून ठेवलं होतं. त्यांना मुलगी नव्हती. असती तर हेच ठेवलं असतं, असं त्या लग्नात ज्याला त्याला सांगत होत्या. प्रफुलनं हौसेनं ते राजपत्रातही छापून आणलं. मी त्या लग्नात होतो. नाव लिहिलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिच्या लेखांचं काय होईल, हा विचार माझ्या तर मनात आला नाही. तिच्याही आला नसावा.

त्यानंतरचे लेख मयुरी पिंपळशेंडे या नावानं छापून येऊ लागले. विषय तोच, तेव्हा आधीच्या लेखांचा आधार घ्यावा लागेच. लेख छापायच्या आधी जाणकारांकडे वाचायला जातो. एका जाणकारानं कळवलं, की तुम्ही या बोरकुटे बाईंवर फार विसंबता, जरा इतरांचंही वाचा. पुढे एका लेखात तिनं आपलीच जुनी एक चूक दुरुस्त केली. त्यावर दुसऱ्या जाणकारानं सुचवलं, की बोरकुटे यांचं म्हणणं खोडण्याआधी त्यांना एकदा पत्र लिहून विचारा. तेव्हा ती फोनवर पोट धरून हसली होती. "सर, मी त्यांना विचारलं. त्या हो म्हणाल्या."

हसणं थांबलं ते गडचिरोलीत सिकलसेलच्या संशोधनाचं एक नवं केंद्र निघालं तेव्हा. तिथं प्रमुखाची जागा होती. नागपूरच्या प्रयोगशाळेत तिच्याकडे रक्ताच्या नळ्या पोचत, माणसं पोचत नसत. गडचिरोलीला असले तर माणूसच समोर येईल, असं ती कितीतरी वर्षं म्हणत होती. तिची वयाची मर्यादा त्याच वर्षी संपणार होती. हुकलं की कायमचं हुकलं. बारा लेख हवे होते; तिनं सोळाच्या सोळा जोडले. अर्ज तपासणाऱ्यांनी त्यांतले नऊ खोडून खुलासा मागवला: हे लेख दुसऱ्या व्यक्तीचे दिसतात, ते आपण आपल्या नावावर कसे दाखवले?

ही बातमी मला तिच्याकडून नाही, तिच्या सासऱ्यांकडून कळली. बापूजी कोरपन्याहून बस बदलत बदलत नागभीडला आले. पाणी प्यायले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"गुरुजी, सुनेवर चोरीचा आळ आला," ते म्हणाले. "आन् चोरी कोणाची, तं तिचीच."

त्यांनी आपल्या परीनं विचार केला होता. माहेरच्या सातबाऱ्यावर लेकीचं नाव असतं, सासरच्यावरही चढतं. तलाठ्याकडे जाऊन दोन्ही एकाच बाईचे आहेत असं दाखवलं की झालं. असा लेखांचा तलाठी कुठं बसतो, हे त्यांना माझ्याकडून हवं होतं. मला ठाऊक नव्हतं. तरी राजपत्राची प्रत पाठवा, एवढं मी म्हणालो, आणि ते बरोबर निघालं. दोघी एकच, हे कार्यालयानं मान्य केलं. बापूजींनी मला फोन करून पेढे उधार आहेत असं सांगितलं.

पण पुढच्याच आठवड्यात दिव्या माझ्याकडे आली ती उतरल्या चेहऱ्यानं. इंटरनेटवर संशोधकाच्या नावाचं एक पान असतं, त्यावर लेख आणि सायटेशनं आपोआप मोजली जातात. दोन नावांची दोन पानं होती, ती तिनं जोडली. दिव्याचे नऊ लेख आणि मयुरीचे सात, सोळा झाले. इथपर्यंत मला कळलं. दिव्याची सायटेशनं दोनशे दहा होती, मयुरीची चाळीस. मी म्हणालो, अडीचशे.

"दोनशे वीस, सर."

मी पुन्हा बेरीज केली. तिनं समजावलं, की मयुरीनं दिव्याचा आधार तीस वेळा घेतला होता. दोघी वेगळ्या होत्या तोवर ती तीस परक्या माणसाची दाद होती. एक झाल्या, आणि ती आपणच आपली केलेली वाहवा झाली. निवड करणारे ती वजा करतात. वर विचारतात, की एवढा स्वतःचा उल्लेख कशाला? मी तीस वर्षं बेरीज शिकवली. माणूस तोच, लेख तेच, आणि बाई एक झाली म्हणून तीस कमी, हे माझ्या डोक्यात काही केल्या बसेना. तिला म्हणालो, अगं, पण तू खोटं काय केलंस? ती म्हणाली, तेच तर मलाही कळत नाही.

शिवाय मुलाखतीआधी एक गोष्ट लेखी द्यायची होती. यापुढे सगळं संशोधन कोणत्या एका नावानं ओळखायचं? त्या विषयातले लोक ओळखत होते ते दिव्या बोरकुटेला. आधार कार्डावर मयुरी होती. घरात शकुबाई होत्या.

बापूजींच्या आग्रहावरून मी कोरपन्याला गेलो. अंगणात बसलो होतो. प्रफुल सारखा म्हणत होता की तुला जे वाटेल ते कर. त्यामुळे तिला काहीच ठरवता येत नव्हतं. शेवटी तिनं चाचरत सांगितलं, की लेखांपुरतं जुनं नाव घ्यावं असं वाटतं. शकुबाई शेंगा निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"म्हंजे मयुरीनं काईच केलं नाई," त्या म्हणाल्या. "आमच्या घरी येऊन नुसत्या भाकरीच थापल्या."

"तसं नाही आई."

"मंग कसं?"

बापूजी म्हणाले, दोन्ही नावं एकापुढे एक लिही. प्रफुलनं सांगितलं की तसं चालत नाही. शकुबाईंनी विचारलं, की ते दूरदेशचे लोक हिचं नाव घेतात म्हणजे नेमकं करतात काय? फोन करतात? दिव्यानं सांगितलं: तिकडच्या एखाद्या गावात डॉक्टर रक्त तपासतो, त्याला शंका येते, तो तिचा लेख काढून वाचतो आणि आपल्या लेखात लिहितो की हे बोरकुटेनं आधी पाहिलं होतं. मग कधी काही अडलं तर बोरकुटेला शोधतो.

"आन् त्याले सापडते मयुरी?"

"तीही सापडत नाही. त्याला वाटतं, बोरकुटेनं काम सोडलं. किंवा ती वारली."

शकुबाईंनी निवडलेल्या शेंगा बाजूला सारल्या. मग म्हणाल्या, "मायं माहेरचं नाव चंचल होतं. शकू इथी येऊन झालो. चंचलले आता कोणी शोधत नाई, तं काई बिघडत नाई. तुले तं लोक शोधून राह्यले. सापडत जा त्याइले." आणि थोड्या वेळानं: "पण घरात मी मयुरीच म्हणन. आधीच सांगून ठेवतो."

बापूजींना बायकोचं ते जुनं नाव आठवत नव्हतं. त्यांनी हळूच मला विचारलं, "चंचल म्हणाली काय ते?"

संशोधनासाठी बोरकुटे हेच नाव दिव्यानं लेखी दिलं. मुलाखतीत तिनं तीसचा आकडा स्वतःहून सांगितला आणि वजा करायला सांगितलं. त्यांनी केला. एकानं विचारलं, की बोरकुटे यांची चूक पिंपळशेंडे यांनी दाखवली, यात आम्ही कोणाला शाबासकी द्यायची? सगळे हसले. ते चांगल्या अर्थानं हसले की वाईट, हे तिला बाहेर आल्यावरही ठरवता आलं नाही. यादी लागली तेव्हा तिचं नाव दुसरं होतं. पहिल्या क्रमांकाच्या गृहस्थांचे लेख तिच्याहून दुप्पट होते.

ते गृहस्थ रुजू झालेच नाहीत. गडचिरोली म्हटल्यावर बाहेरचे पुष्कळ लोक येत नाहीत, हे आम्हाला सवयीचं आहे. मुदत संपली आणि जागा तिला मिळाली. तिनं मला फोन केला. आनंदात होती, पण मध्येच विचारलं, "सर, मला ही जागा लेखांमुळे मिळाली की कोणी यायला तयार नव्हतं म्हणून?" मी म्हणालो, दोन्हींमुळे. ती म्हणाली, किती किती टक्के?

मागच्या हिवाळ्यात मी एसटीनं गडचिरोलीला गेलो. केंद्राच्या फाटकावर पहारेकऱ्याला म्हणालो, दिव्या बोरकुटेंना भेटायचं आहे.

"इथी या नावाच्या कोणी नाईत."

मी म्हणालो, प्रमुख आहेत त्या. तो म्हणाला, प्रमुख पिंपळशेंडे मॅडम. ऑर्डर आधार कार्डावरच्या नावानं निघाली होती, हे मला तेव्हा सुचलं. बाकावर बॅग घेऊन एक तरुण बसला होता. तो उठून हिंदीत म्हणाला, मीही बोरकुटे मॅडमसाठीच आलोय. ओडिशाचा होता. तिकडे शिबिरांत रसायन बिघडत होतं. लेख वाचून तो निघाला होता आणि सकाळपासून बसून होता. आता परतीची गाडी बघत होता.

मी पहारेकऱ्याला समजावलं, की दोघी एकच. त्यानं माझ्याकडे, मग त्या तरुणाकडे पाहिलं.

"एकच? मंग गेल्या महिन्यात आलेल्या दोघायलेबी मी वापस पाठवलं ना, भाऊ," तो म्हणाला आणि फोन लावू लागला. लावता लावता थांबला. "नाव काय सांगू? कोणाले भेटाचं?"

तो तरुण बॅग उचलून उभाच होता. मी म्हणालो, नाव राहू दे, ओडिशाहून माणूस आला आहे, एवढंच सांगा.

आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, आणि ती हातमोजे काढायचे विसरून बाहेर आली.