जुळ्या मुठींचे मोजमाप

दुव्वूरी सोमयाजुलू यांचे अवघे आयुष्य अदृश्याच्या मोजमापात गेले. श्रीकाकुळमच्या किनाऱ्यावर, वाळूत तीन पायांचे तिकाटणे रोवून, त्यावर वर्तुळाकार अँटेना चढवून ते ती सावकाश फिरवीत आणि दूरच्या प्रक्षेपण केंद्राचा ध्वनी जिथे सर्वाधिक सापडे, तिथला मीटरचा आकडा कौल घ्यावा तशा श्रद्धेने टिपून घेत. मात्र मीटरचा आकडा म्हणजे आकाशातील रेडिओलहरींच्या क्षेत्राची तीव्रता नव्हे, हे ते नवख्यांना आवर्जून सांगत. अँटेना आपल्या कुवतीपुरतेच ग्रहण करते. जी थोडे घेते तिच्या आकड्यात अधिक मिळवावे लागते, जी पुष्कळ घेते तिच्यात कमी. हा मिळवणीचा आकडा, म्हणजे अँटेना फॅक्टर, प्रयोगशाळेत ठरून पेटीच्या झाकणातील तक्त्यावर छापलेला असे. ज्या अँटेनेचा तक्ता, तिच्यापुरताच तो खरा.

त्यांच्या पेटीत अँटेना दोन होत्या. बाहेरून तंतोतंत सारख्या. एकीच्या आत तारेचे वेढे जास्त, दुसरीच्या कमी. ओळख पटे ती मुठीवर कोरलेल्या क्रमांकावरून.

राळ्ळपालेम या कोळीवस्तीची पाहणी चालू असताना एक मूठ मोडली. होड्या बांधणारा पोलय्या सुरूच्या लाकडाची नवी मूठ कोरून घेऊन आला आणि पेटीत डोकावून म्हणाला, "पंतुलुगारू, एकीला नवी साडी नि दुसरीला जुनी? घरात भांडणं लागतील की!"

"मला एकच बायको आहे बाबा, आणि ती पुरेशी आहे."

"म्हणूनच कळत नाही तुम्हाला. द्या इकडं ती दुसरी."

त्याने दोन्ही मुठी जुळ्या बहिणींसारख्या घडवल्या. सोमयाजुलूंना गहिवरून आले. जुन्या मुठींबरोबर क्रमांक गेले तरी कोणती अँटेना कोणती, हे आपल्या हाताला ठाऊक आहे, अशा विश्वासाने त्यांनी पाहणी पुढे चालू ठेवली.

वस्तीसाठी दूरच्या केंद्राचे प्रसारण पुढे पोचवणारे छोटे सहप्रक्षेपण केंद्र हवे की नको, हे त्या पाहणीवर ठरायचे होते. "आमचा रेडिओ नुसता खरखरतो," असे बायामाणसे सांगत. सोमयाजुलू हसून म्हणत, "सेल बदला, अम्मा. क्षेत्र भरपूर आहे." केंद्र नामंजूर झाले.

पुढे वादळ आले. पोलय्याचा जावई एर्रय्या समुद्रावर गेला तो परतला नाही; वस्तीतले आणखीही काही बुडाले. चौकशीत निष्कर्ष निघाला की इशारा प्रसारित झाला होता, तिथे क्षेत्राची तीव्रता पुरेशी होती, कोळ्यांनी दुर्लक्ष केले. एर्रय्याने ऐकूनही हावेपायी होडी लोटली, हे वस्तीत रूढ झाले. त्याच्या बायकोने, नूकरत्नमने, भिंतीवरची त्याची तसबीर उतरवून ठेवली.

निवृत्तीपूर्वी उपकरणे सोपवताना सोमयाजुलूंनी रीतीप्रमाणे दोन्ही अँटेना एकाच जागी, एकाच केंद्रावर लावून पाहिल्या. फॅक्टर मिळवल्यावर दोहोंकडून क्षेत्र एकच निघायला हवे. निघाले दोन, आणि त्यांत फार अंतर. त्यांनी तक्त्यांची अदलाबदल केली. दोन्ही उत्तरे जुळली. राळ्ळपालेममध्ये जास्त वेढ्यांच्या अँटेनेने मोजून तिच्या आकड्यात त्यांनी दुसरीचा मोठा फॅक्टर मिळवला होता. जे क्षेत्र आकाशात नव्हतेच, ते त्यांनी कागदावर निर्माण केले होते.

कार्यालयाला तसे कळवून ते वस्तीवर गेले. नूकरत्नम वाळत घातलेली मासळी उलटत होती.

"या, पंतुलुगारू!" पोलय्या म्हणाला. "केवढे वाळलात! ह्या मासळीत निजलात तर विकले जाल."

सोमयाजुलू हसले नाहीत. उभ्यानेच त्यांनी सगळे सांगितले. पोलय्या आपल्या हातांकडे पाहत राहिला. "म्हणजे माझ्या मुठींनी..."

"मुठींनी नव्हे रे. क्रमांक पुन्हा कोरून घ्यायचे माझे काम होते. मी माझ्या हातावर विसंबलो."

"मला सरळ सांगा," नूकरत्नम म्हणाली. "त्या दिवशी रेडिओ बोलला होता का?"

"बोलला होता, तल्ली," ते लेकीला म्हणावे तसे म्हणाले. "पण इथवर पोचला तो इतका क्षीण, की खरखरीतून शब्द उमटणे शक्य नव्हते."

"तो रेडिओ कानाला लावून बसला होता. मी चुलीपाशी होते. मग काही न बोलता उठून गेला. म्हणून वाटलं, ऐकूनच गेला." तिने हातातली मासळी खाली ठेवली. "वादळाला वर्ष झालं त्या दिवशी सगळ्यांनी आपापल्या बुडालेल्या माणसासाठी समुद्राला घास दिला. मी दिला नाही. म्हटलं, पोरं टाकून मासळीमागं गेला, त्याला कसला घास?"

ती उठली, हात धुऊन आत गेली. भात शिजेपर्यंत दोघे पुरुष उन्हात तसेच बसून राहिले. पानावर भात नि वर थोडा चिंचेचा पुलुसू घालून ती बाहेर आली आणि पाण्याकडे चालू लागली. ते मागून गेले. घोटाभर पाण्यात ती थबकली. पान हातातून सुटेना.

"पंतुलुगारू, त्याला ऐकू आलं नव्हतं. नक्की ना?"

उभ्या आयुष्यात सोमयाजुलूंनी कोणत्याही मोजमापाला नक्की म्हटले नव्हते. थोड्याफार चुकीची जागा ते नेहमी राखून ठेवीत.

"नक्की, तल्ली," ते म्हणाले.

ती वाकली, आणि तिने पान पाण्यावर ठेवले.