कागदावरच्या अधीक्षिका

शाहूपुरीतल्या आमच्या महिला आधारगृहात मी, धनपाल, अठरा वर्षं क्लार्क आहे. पण कालच्यासारखी थोबाडीत बसलेली नाही कधी.

चिमणाबाई आमच्या अधीक्षिका. शिक्षण सातवी. सगळे अक्का म्हणतात. नवी बाई आली की अक्का आधी पाणी तापवून तिला न्हाऊ घालणार, पोटभर जेवू घालणार, मग नाव विचारणार. "रजिस्टर काय पळून जातंय व्हय?" मी वही घेऊन बसलेलो असायचो, चडफडत.

दहा वर्षांपूर्वी नियम आला. अधीक्षिका समाजकार्यातली पदवीधरच हवी. आमचे अध्यक्ष उदयसिंहदादा म्हणाले, "अक्काला घालवायचं न्हाय. आमच्या सूनबाईकडं पदवी हाय, कागदावर तिचं नाव घाल. अक्काला स्वयंपाकीण दाखव. काम तीच करंल की!" मला केवढं शहाणपणाचं वाटलं! दरवर्षी तशीच यादी सरकारला पाठवत गेलो. अक्काला कशाला सांगून मनस्ताप द्यायचा, म्हणून कधी बोललो नाही.

काल तपासणीला बाई अधिकारी आल्या. "अधीक्षिका स्वप्नाली कुठे आहेत?" त्यांनी विचारलं. दादांच्या सूनबाई स्वप्नालीवहिनींनी तर आमचा उंबराही पाहिलेला नाही! सगळ्या बायकांनी अक्काकडं बोट दाखवलं. मग माझी ततपप झाली आणि सगळं बाहेर पडलं.

अधिकारी बाई माझ्याकडं बघतच राहिल्या. "अहो, आधीपासून काम करणाऱ्यांना त्या नियमात सूट होती. पुढचंच पान वाचायचं होतं! खरं लिहिलं असतं तर ह्यांना कुणी हलवलं नसतं. आता कागदोपत्री ह्या दहा वर्षं स्वयंपाकीण आहेत. मी ह्यांच्या ताब्यात संस्था ठेवूच शकत नाही."

नियमाचं पहिलं पान वाचून मी दादांकडं पळालो होतो. दुसरं उलटलंच नव्हतं.

अक्कानं यादी हातात घेतली. स्वतःच्या नावावरून बोट फिरवत पुढचा शब्द वाचला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मला इचारायचं तरी हुतंस की रं, धनपाल."

मग कमरेच्या किल्ल्या सोडून तिनं माझ्या टेबलावर ठेवल्या. "ह्या कुणाकडं द्यायच्या, तेवढं कागदात बघून सांग."