माऊमावशीची नखं

माऊमावशी दोन्ही अंगठ्यांची नखं मुद्दाम वाढवायची. हौस म्हणून नव्हे, मांजरांच्या अंगावरच्या गोचिड्या चिरडायला. दुपारी भांडी झाली की ती मांजर मांडीवर आडवं घ्यायची, कानामागचे केस फुंकून बाजूला करायची आणि टम्म फुगलेली गोचीड उपटून नखांत दाबायची. मग बोटं पदराला पुसून मला विचारायची, "चहा टाकू का गं?"

लग्न होऊन अंबरनाथ पश्चिमेला कारखान्याच्या चाळीत आले, ती तिच्या शेजारी. माहेरच्या आठवणीने मी रडत बसले की ती एखादं पिल्लू आणून माझ्या मांडीत टाकायची. "घे, धर. यालाही आई नाही." एवढंच तिचं सांत्वन, पण मला ते पुरायचं.

बारवी धरणाकडून भाजी घेऊन येणारी ठाकरीण तिला बजावायची, "मावशे, नखानं नको चिरडू. त्याचं रगात वाईट. आमी राकेलात टाकतो." मावशी हसायची. "मांजर दिवसभर स्वतःला चाटून साफ करतं. त्याच्या गोचिडीत कसलं आलंय विष?" कुत्र्याची गोचीड वाईट, मांजराची नाही, असं आम्हा सगळ्यांचंच शहाणपण.

चाळीत जनावरं पाळायला बंदी होती. मांजराने दुधात तोंड घातलं म्हणून समोरच्या सुपरवायझरच्या बायकोने तक्रार केली आणि मावशीच्या मुलाला कारखान्याकडून लेखी ताकीद मिळाली. पुन्हा मांजर दिसलं तर खोली खाली करा. तेव्हापासून तिन्ही मांजरं बंद दाराआड राहू लागली, आणि मावशीही.

एकोणीसशे नव्वद सालच्या आसपास तिला ताप भरला. मुलगा पाळीवर होता, म्हणून मीच तिला कारखान्याच्या दवाखान्यात नेलं. मनगटावरचे लाल ठिपके पाहून डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुत्रं-मांजर आहे का? गोचीड वगैरे चावली का?" डॉक्टर कारखान्याचे. त्यांना सांगितलेलं ऑफिसात पोचतं, अशी चाळीची पक्की समजूत. मावशीने माझा हात दाबला. "छे हो, मला तर मांजरांचा तिटकारा." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. माझा नवराही त्याच कारखान्यात होता. मीही नाही म्हणाले. हिवतापाच्या गोळ्या घेऊन आम्ही परतलो.

चार दिवसांत ठिपके तळहातांवर, तळपायांवर पसरले आणि ती बरळू लागली. उल्हासनगरच्या मोठ्या दवाखान्यात मी सगळं सांगून टाकलं. हा गोचीडताप निघाला; औषध साध्या गोळ्यांचंच होतं, पण आता उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी ती गेली.

तिचा दहावा व्हायच्या आत चाळकऱ्यांनी मांजरं गोणीत भरून बदलापूरच्या पुढे रानात सोडली. सुपरवायझरची बायको म्हणाली, "मांजरांनीच खाल्लं म्हातारीला." तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पण कुठल्या तोंडाने?

तेराव्याला मावशीचा मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. "वहिनी, आपल्या दवाखान्यातल्या डॉक्टरने मांजरांचं साधं विचारलंसुद्धा नाही का हो?"

मी म्हणाले, "नाही."