पंचवीस हजार अँपिअरची पाटी

वायरवाल्या वहिनीला एक खोड होती. पार्ट खोक्यातून काढला की आतला बारीक अक्षरांचा कागद बाकीचे सरळ केराच्या पिंपात टाकायचे. ही मात्र चष्मा चढवून वाचत बसायची. "काय वहिनी, उद्या परीक्षा का?" म्हणून कारखान्यात चिडवायचे तिला.

त्या दिवशी एक भलंमोठं पॅनेल टेम्पोत चढलेलं. पॅनेल म्हणजे ते लोखंडी कपाट बघ, ज्याच्यावर मशिनं चालतात. ते जाणार होतं पाण्याच्या पंपघरात. तिथे वहिनीचा सख्खा धाकटा भाऊ ऑपरेटर, दिवसभर त्याच कपाटापुढे उभा राहणार. दारावर पाटी ठोकलेली, पंचवीस हजार अँपिअर. म्हणजे आत कधी वायरीला वायर भिडलीच, तर विजेचा एवढा लोंढा ते सोसेल.

आणि वहिनीच्या हातात कागद, आतल्या एका छोट्या जोडपट्टीचा, जिच्यात वायरींची टोकं कसतात तिचा. त्यावर दहाच हजार!

ती तडक फोरमनकडे गेली. "दादा, पाटीवर पंचवीस आले कुठून?"

"मेन ब्रेकरवर, त्या मोठ्या खटक्यावर छापलंय की."

"ब्रेकर सोसेल हो, या पट्टीच्या चिंध्या होतील त्याचं काय? सगळ्यात लेचापेचा जो, त्याचा आकडा नको का लावायला?"

"टीचभर पट्टी ती! टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय, डोकं नका खाऊ."

"खाते. पंपघरात लोंढा केवढा येऊ शकतो, तेवढं विचारा. मग गप्प बसते."

त्यानं तोंड वाकडं करून फोन लावला. पलीकडचा इलेक्ट्रिशियन म्हणाला, "ट्रान्सफॉर्मर भिंतीला लागूनच आहे. अठरा हजार धरा."

फोरमनचं तोंड एवढंसं झालं. "ए, उतरवा रे ते खाली!"

वहिनीनं कागद उलटा केला. मागे लिहिलेलं, अमुक जातीचे फ्यूज पट्टीच्या आधी लावले, तर ते जळून लोंढा तोडतात आणि हीच पट्टी पन्नास हजार सोसते. लगेच फ्यूज मागवले. तरी बाईचं कुतूहल काही शमेना.

"दादा, हे आकडे काढतात कसे? मुद्दाम भिडवून बघतात?"

"बघतात ना. कपाटाच्या फटींना कापूस लावायचा, दार बंद करून लोंढा सोडायचा. आतली आग फटीतून बाहेर येऊन कापूस पेटला की नापास."

"अगं बाई! आणि माणसं?"

"ती लांब, जाड भिंतीमागे."

"माझ्या भावापुढे कुठली भिंत असणार होती हो?"

फोरमननं केराचं पिंप आडवं केलं आणि बाकीच्या पार्टांचे कागद एकेक करून सरळ करायला लागला.